छपराचा कठडा

(मिशनच्या वार्षिक उपकारस्तुतीच्या सभेत एका निवृत्त अभियंत्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



उपकारस्तुतीच्या सभेत काम कसे वाढले, किती मुली दहावी पास झाल्या, किती विहिरी खोदल्या हे सांगायचा रिवाज आहे. तो भाग चिटणीसांनी सांगितलाच आहे. मला मात्र एका चुकीबद्दल बोलायचे आहे. चूक माझी आहे. तिच्यापायी काय होऊ शकले असते आणि देवाच्या कृपेने काय झाले नाही, हे तुम्हांला कळायला हवे, कारण त्या कामात तुमचाही पैसा होता.

सातपुड्याच्या पायथ्याचा आपला पाडा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. डोंगरातून नाला उतरतो. त्याच्या डाव्या हाताला टेकडीवर प्रार्थनामंदिर आहे. खाली सखल भागात आपले मुलींचे वसतिगृह आणि एकतीस घरे आहेत. पाड्याच्या वरच्या अंगाला नाल्यावर मातीचा बांध आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत पाड्यातल्याच लोकांनी कामाच्या बदल्यात धान्य घेऊन तो बांधला. बायांनी डोक्यावरून पाट्या वाहिल्या आणि बैलांनी माती तुडवली. आठ मीटर उंच, जेमतेम सव्वाशे मीटर लांब. अभियंत्यांच्या हिशोबात अगदी किरकोळ काम.

हा बांध कशासाठी होता हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. तो पाणी साठवण्यासाठी नव्हता, पुरासाठी होता. डोंगरावर एक जोराची सर आली की तासाभरात नाला फुगायचा, भाताची रोपे आणि कोंबड्या घेऊन जायचा. एकदा माणूसही गेला. म्हणून हा बांध. त्याच्या तळाशी एक पाइप, म्हणजे मोरी, कायम उघडी ठेवलेली. पूर आला की पाणी बांधामागे थांबायचे आणि मोरीतून हळूहळू निघून जायचे. फारच मोठा पूर आला तर उजव्या कडेच्या सांडव्यावरून वळसा घालून नाल्यात उतरायचे. चार दिवसांत बांध पुन्हा रिकामा. पूर अडवणारा बांध रिकामा असला तरच कामाचा असतो. आधीच भरलेल्या हंड्यात गळके पाणी कुठे झेलणार?

पण उन्हाळ्यात त्याच रिकाम्या बांधाकडे पाहून कोणालाही वाटणारच की एवढे पाणी वाया जाते. सहा वर्षांपूर्वी पाड्यातल्या शेतकरी भावांनी मागणी केली: मोरी बंद करा, सांडवा दोन फूट चढवा, म्हणजे रब्बीला दोन पाणी मिळतील. मागणी रास्त होती. पोटासाठी सुरत-नवसारीकडे ऊसतोडीला जाणारी ही माणसे गावातच थांबली असती, मुले शाळेत टिकली असती. समितीने मला फोन केला. मी नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर बांधबंदिस्तीचीच कामे केलेली. चिटणीसांनी विचारले, "साहेब, दोन फूट चढवला तर चालेल का?" मी घरी बसून, चहा घेत म्हणालो, "दोन फुटांनी काय होतंय? चालेल."

मी जागेवर गेलो नाही. ही माझी चूक.

तुमच्या देणग्यांतून सांडव्यावर दोन फुटांची भिंत उभी राहिली. मोरीच्या तोंडावर झाकण बसले. आपल्या याच अंकात फोटो छापून आला होता, भरलेला तलाव आणि काठावर हसणारी मुले. मी तो फोटो कापून जपून ठेवला होता.

आता हिशोब सांगतो. शाळकरी मुलालाही कळेल इतका सोपा आहे. बांध बांधला तेव्हा सांडव्याच्या पातळीपेक्षा बांधाचा माथा चार फूट उंच होता. हे चार फूट म्हणजे पुराच्या पाण्याला चढायला आणि सांडव्यावरून निघून जायला ठेवलेली जागा. पण मातीचा बांध वर्षानुवर्षे दबतो. त्यावरून गुरे जातात, बैलगाड्या जातात, पाऊस माथा धुऊन नेतो. आपला बांध मध्यभागी एक फूट खचला होता. डोळ्यांना ते दिसत नाही, पण गवंड्याची पाण्याची नळी लावली असती तर दहा मिनिटांत कळले असते. म्हणजे उरले तीन फूट. त्यातले दोन माझ्या भिंतीने खाल्ले. उरला एक.

सांडव्यावरचे पाणी किती उंच चढू शकते, त्यावर किती पाणी निघून जाईल हे ठरते. पण उंची चौथाई झाली तर पाणी चौथाई निघत नाही, आठवा हिस्सा निघते. चाराचा एक फूट झाला, आणि सांडव्याची ताकद आठवा हिस्सा राहिली. उरलेले सात हिस्से पाणी कुठे जाणार? बांधाच्या माथ्यावरून. दगडी बांधावरून पाणी गेले तर तो सहसा तग धरतो. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. पाणी मागचा उतार कापू लागते, घळ पडते, घळ रुंदावत जाते, आणि मग अख्खा तलाव एका दमात खाली येतो. मातीचे बांध फुटण्याच्या प्रमुख कारणांत हे एक. दुसरे कारण म्हणजे आतून होणारी झीज. त्याकडे आता येतो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवस झड लागली होती. पाड्यातल्या एक आजीबाई रोज बांधाच्या पायथ्याशी शेळ्या नेत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या वसतिगृहात आल्या आणि गृहमातेला आपल्या बोलीत म्हणाल्या, "पायथ्याशी झरा आहे ना, त्याचं पाणी रोज नितळ असतं. आज ते गढूळ येतंय."

एवढेच. पण त्या बाईने जे पाहिले ते मी, पदवीधर अभियंता, सहा वर्षांत पाहायला गेलो नव्हतो. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतेच, त्यात भ्यायचे काही नाही. ते नितळ असेल तर बांध फक्त पाणी सोडतो आहे. गढूळ असेल तर पाण्याबरोबर बांधाची मातीही निघाली आहे. आत उंदराच्या बिळासारखी नळी तयार होते, ती मागून पुढे कुरतडत जाते आणि तलावाला भिडली की बांध गेला. जुन्या मोरीच्या पाइपाची कड ही अशा नळीची आवडती जागा, कारण पाइपाभोवतीची माती नीट दाबली जात नाही. बांध रिकामा असे तेव्हा तिथे पाण्याचा जोरच नव्हता. आम्ही मोरी बंद केली आणि महिनोन्महिने तिथे दाब ठेवला.

गृहमातेने मला फोन केला. मी तालुक्यालाच होतो, पाऊण तासात पोचलो. तलावाचे पाणी भिंतीवरून वाहत होते आणि बांधाच्या खचलेल्या माथ्याखाली वीतभर जागा उरली होती. पायथ्याशी पाइपाच्या कडेने चहासारखे पाणी येत होते. तेव्हा मी प्रार्थना केली की नाही ते आठवत नाही. पाय लटपटत होते हे आठवते.

आधी माणसे हलवली. पोलीस पाटलांनी तहसील कचेरीला कळवले. मुली आणि खालची एकतीस घरे टेकडीवरच्या प्रार्थनामंदिरात गेली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन जाणारी तरुण पोरे मी पाहिली. त्यानंतर पाड्यातल्या आठ-दहा भावांनी पहारी घेऊन सांडव्यावरची ती भिंत फोडायला सुरुवात केली. त्यांत ते शेतकरीही होते ज्यांनी ती मागितली होती. अंधार पडेपर्यंत भिंत गेली आणि पाणी उतरू लागले. पायथ्याच्या गढूळ झऱ्यावर आम्ही आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असा थर रचला. हे सांगून ठेवतो, कारण अशा वेळी माणसाचा हात पहिला चिखलाकडे जातो, भोक बुजवायला. तसे करू नये. बुजवले तर पाणी दुसरीकडून फुटते. पाण्याला वाट द्यायची, मातीला अडवायचे. गाळणी लावायची, बूच नाही.

पहाटे तीनच्या सुमारास तिथून येणारे पाणी पुन्हा नितळ झाले. बांध टिकला. पुढच्या दोन आठवड्यांत इंजिने लावून तलाव रोज थोडा थोडा उतरवला. एकदम उपसला असता तर आतली भिजलेली बाजू घसरली असती.

आता कोणी म्हणेल, देवाने वाचवले, त्याची स्तुती असो, विषय संपला. मीही स्तुती करतो. पण विषय संपत नाही, कारण सगळीकडे असे घडलेले नाही.

२ जुलै २०१९ ची रात्र आपल्या राज्याला आठवत असेल. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण मातीचे, लहानसेच. ते फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी सांगितले होते. नंतर खेकड्यांनी धरण पोखरले असेही बोलले गेले आणि लोक त्यावर कडवट हसले. खेकडे, घुशी बिळे करतात हे खरेच आहे. पण बीळ बुजवायचे काम माणसाचे आहे.

दुसरी गोष्ट दूरची आहे, पण आपल्याशी नाते सांगणारी. अकोला, अमरावती, बुलढाणा, भुसावळ या भागांत अलायन्स मिशनने मंडळ्या स्थापल्या हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे. त्याच मिशनशी जोडलेले एक बायबल कॉलेज अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ येथे आहे. कॉलेजच्या वरच्या अंगाला १८६ फूट उंच धबधबा आणि त्याच्याही वर केली बार्न्स नावाचे मातीचे धरण होते. तिथे १८९९ मध्ये दगड-लाकडाचा बांध घातला होता. १९३७ मध्ये कॉलेजने विजेसाठी त्यावर मातीचे धरण केले, पुढे ते आणखी चढवले. १९५७ मध्ये वीज बनवणे थांबले. धरण राहिले, पण त्याचे काम संपले. ज्याचे काम संपते त्याच्याकडे पाहणारेही कमी होतात. उतारावर झाडे वाढली. १९७३ मध्येच खालचा उतार एका जागी घसरला होता.

६ नोव्हेंबर १९७७, रविवार, पहाटे दीडच्या सुमारास, जोराच्या पावसानंतर ते धरण फुटले. खाली कॉलेजच्या आवारात विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबे झोपली होती. ३९ जण मेले. त्यांत अनेक लहान मुले होती. देवाच्या सेवेची तयारी करणारी कुटुंबे, रविवारच्या पहाटे. चौकशी मंडळाला एकच एक कारण सापडले नाही. खडा उतार, झिरपणारे पाणी, जुनी घसरण, बरेच काही एकत्र आले होते. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशभरच्या धोकादायक खासगी धरणांची तपासणी करायला लावली आणि जॉर्जियाने १९७८ मध्ये धरण सुरक्षेचा कायदा केला.

त्या कॉलेजातले लोक आपल्यापेक्षा कमी प्रार्थना करत होते असे मला कोणी सांगू नये. म्हणून आपला बांध टिकला याचा अर्थ आपण अधिक चांगले आहोत असा मी काढत नाही. आपल्याला एक संधी मिळाली, एवढाच अर्थ काढतो.

आपल्या देशातही २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला. तो प्रामुख्याने पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे, आणि दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींत बसणारी धरणे त्यात येतात. आपला आठ मीटरचा बांध त्यात येत नाही. म्हणजे त्याच्याकडे पाहायला कोणी येईल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. तो आपण बांधला, आपणच पाहायचा.

शास्त्रात अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. छपराला कठडा बांध, म्हणजे कोणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. मी ही आज्ञा लहानपणापासून ऐकली, पण गेल्या ऑगस्टपर्यंत ती माझ्या धंद्याबद्दल आहे असे वाटले नाही. कठडा घराची शोभा वाढवत नाही, त्यात कोणाला राहता येत नाही. तो फक्त पडू शकणाऱ्या माणसासाठी असतो. बांधाच्या माथ्यापर्यंतची ती रिकामी चार फूट जागा म्हणजे आपला कठडा होता. मी त्याला वाया गेलेली जागा समजलो.

आता एक अवघड गोष्ट सांगतो, ती लपवून चालणार नाही. भिंत गेली, मोरी पुन्हा उघडी राहणार, म्हणजे रब्बीचे पाणी गेले. नऊ शेतकऱ्यांचा गहू गेला. या वर्षी त्यांतल्या पाच जणांनी ओलीवर हरभरा केला, चार कुटुंबे पुन्हा ऊसतोडीला गेली. त्यांतला एक भाऊ मला म्हणाला, "साहेब, पोरी वाचल्या ते बरं झालं. पण माझी पोरगी आता शाळा सोडून माझ्याबरोबर येतेय, तिचं काय?" माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हते. बांधाच्या खाली, नाल्याच्या काठी दोन सामाईक विहिरी घ्यायचे ठरले आहे. बांध पुरासाठी, विहीर पाण्यासाठी. एका बैलाला दोन नांगर जुंपायचे नाहीत. त्या मुलीची वसतिगृहात सोय केली आहे, पण वडील परत येईपर्यंत ती हसत नाही, असे गृहमाता सांगतात.

समितीने या वर्षीचा नवा सभागृहाचा बेत पुढे ढकलला आहे. काहींना ते आवडले नाही, हे मला माहीत आहे. त्या पैशातून बांधाचा माथा पुन्हा पातळीत आणायचा आहे. जुन्या पाइपाभोवतीची माती उकरून, नवा पाइप घालून, थराथराने पाणी मारून दाबायची आहे. पायथ्याशी दगड-वाळूची कायमची गाळणी करायची आहे. सांडव्याचा मार्ग रुंद करायचा आहे. उतारावरची लहान सुबाभूळ आणि बाभळीची रोपे दर वर्षी काढायची आहेत. मोठ्या झाडांची मुळे मात्र अभियंता उभा राहिल्याशिवाय उपटायची नाहीत, कारण मूळ कुजले की तिथेच पाण्याला वाट मिळते. या कामाचा फोटो अंकात छापला तर त्यात पाहण्यासारखे काही नसेल. मातीचा एक बांध, आणि त्याच्यामागे पाणी नाही.

पाड्यात पाच जणांची देखरेख समिती झाली आहे. शेळ्या चारणाऱ्या त्या आजीबाई तिच्यात आहेत. त्यांनी आधी नकार दिला, मला लिहिता येत नाही म्हणाल्या. मी म्हटले, "आजी, लिहायला पोरी आहेत. बघायचं तुम्ही." पावसाळ्यात दर आठवड्याला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर वसतिगृहातली एक मुलगी वही घेऊन त्यांच्याबरोबर जाते. वहीत पाच ओळी असतात. झऱ्याचे पाणी नितळ की गढूळ. ते कालपेक्षा जास्त की कमी. माथ्यावर भेग किंवा खड्डा आहे का. उतार कुठे फुगला किंवा घसरला आहे का. सांडव्यात आणि मोरीच्या तोंडाशी ओंडके, काटे अडकले आहेत का. गढूळ दिसले तर कोणाला विचारायचे नाही, आधी घंटा वाजवायची.

आपणांकडे माझी विनंती इतकीच. आपल्या मंडळीने आजवर शाळेसाठी, दवाखान्यासाठी, विहिरीसाठी जे जे दिले, त्याची यादी काढा आणि विचारा: ते आज कसे आहे? कोणी पाहून आले का? नवे देण्याइतकीच जुने जपण्याची देणगी द्या. आणि जूनच्या पहिल्या रविवारी प्रार्थना कराल तेव्हा बांधासाठी करा, पण मग कोणीतरी एकाने पाड्यावर यावे, बांधावर चालावे. मी सोबत येईन. पाण्याची नळी माझ्या पिशवीत आता कायम असते.

तो भरलेल्या तलावाचा फोटो मी अजून टाकलेला नाही. वहीच्या मागच्या पानाला चिकटवला आहे.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.